ड्रेस्डेनचं नॉयश्टाट : पहिल्यांदा जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ड्रेस्डेनला शिकायला किंवा नोकरीला आलेले, बर्लिनहून प्रागला जाताना एखादा दिवस इथे उतरणारे, मुलांकडे महिनाभर राहायला आलेले आईवडील, असे अनेक मराठी लोक मला नॉयश्टाटबद्दल विचारतात. मी त्या वस्तीत सहा वर्षं भाड्याने राहिले. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि खिडकीखालून तेरा नंबरची ट्राम. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

नॉयश्टाट म्हणजे 'नवं शहर'. मग तिथे इतक्या जुन्या इमारती कशा?

एल्बे नदीच्या उत्तर काठावरची ही वस्ती मुळात जुनीच. 1685 साली आगीत जवळजवळ सगळी जळाली, पुन्हा आखून बांधली, आणि तेव्हापासून 'नवी' म्हणवली जाऊ लागली. दक्षिण काठावरचं आल्टश्टाट, म्हणजे 'जुनं शहर', 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री सुरू झालेल्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालं. तिथलं प्रसिद्ध फ्राउएनकिर्शे हे चर्चसुद्धा 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलेलं आहे. म्हणजे जुन्या शहरात बरंचसं नवं बांधकाम आहे आणि नव्या शहरात 19व्या शतकातले जिने, दारं आणि फरशा अजून वापरात आहेत. माझ्या जिन्याच्या लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या, आणि मला ते फार आवडायचं.

सगळे म्हणतात तो 'बोहेमियन' भाग नेमका कुठला?

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. पूल ओलांडला की लागतं ते आतलं नॉयश्टाट. सोनेरी घोडेस्वाराचा पुतळा, झाडांनी झाकलेली हाउप्टश्ट्रासे ('श्ट्रासे' म्हणजे रस्ता), बरोक शैलीतल्या जुन्या घरांची क्योनिगश्ट्रासे, सगळं नीटनेटकं आणि थोडं महागडं. तिथूनच परतलेले लोक मला सांगतात की नॉयश्टाट तर शांतच आहे.

तुम्हाला हवं ते बाहेरचं नॉयश्टाट. आल्बर्टप्लाट्झ हा मोठा गोल चौक ओलांडायचा आणि अलाउनश्ट्रासेमध्ये शिरायचं. दक्षिणेला बाउट्झनर श्ट्रासे, पश्चिमेला क्योनिग्सब्रुकर श्ट्रासे, उत्तरेला बिशोफ्सवेग आणि पूर्वेला प्रीसनिट्झ नावाचा ओढा, एवढ्यात बहुतेक सगळं येतं. 1835 मध्ये या भागाला राजा आंटोनवरून आंटोनश्टाट हे नाव मिळालं, पण बोलताना ते कुणी वापरत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे निदान आमच्या शनिवार-नारायण पेठा जोडून फिरलात तर जेवढं होईल तेवढंच.

तिथे पोचायचं कसं?

ड्रेस्डेन-नॉयश्टाट हे वेगळं रेल्वे स्टेशन आहे. बर्लिनहून साधारण दोन तास, लाइपझिगहून तासाभरापेक्षा थोडं जास्त. मुख्य स्टेशनावर उतरलात तर आठ किंवा अकरा नंबरची ट्राम आल्बर्टप्लाट्झला सोडते. तेरा नंबर वस्तीच्या पोटातून जाते. 11 सप्टेंबर 2024 च्या पहाटे कारोला पुलाचा ट्रामचा भाग नदीत कोसळला, आणि तेव्हापासून काही ट्रामचे मार्ग बदलले आहेत. जुन्या प्रवासवर्णनातले नंबर वाचून निघू नका, ट्राम कंपनीच्या अ‍ॅपवर त्या दिवशीचा मार्ग बघा. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या स्थानिक वाहनांचा महिन्याचा पास, असेल तर ते इथल्या ट्रामला चालतं.

या भागाला बोहेमियन का म्हणतात? नुसती रंगवलेली भिंत म्हणजे बोहेमियन का?

नाही, आणि हा इतिहास माहीत करून घेतल्याशिवाय नॉयश्टाट बघू नये असं मला मनापासून वाटतं.

युद्धात हा भाग बऱ्यापैकी वाचला. पण पूर्व जर्मनीच्या सरकारला जुन्या चाळवजा इमारती दुरुस्त करण्यात रस नव्हता. शहराच्या कडेला काँक्रीटच्या नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, आणि इथे छपरं गळत होती. संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, खोली तापवायला कोळशाची शेगडी. ज्यांना नवी घरं मिळाली ते निघून गेले. रिकाम्या खोल्यांत तरुण मुलं, चित्रकार, गाणारे, सरकारशी न पटणारे लोक परवानगीशिवाय राहू लागले. त्याला जर्मनमध्ये 'श्वार्झवोनेन' म्हणायचे, शब्दशः 'काळं राहणं'. घर सरकारचं, कुलूप आपलं, आणि भाडं बऱ्याचदा गुपचूप सरकारी खात्यात भरलेलं, म्हणजे कुणी आलं तर पावती दाखवता यावी.

1980च्या दशकाच्या शेवटी बराचसा भाग पाडून टाकायचं ठरत आलं होतं. 1989च्या शरद ऋतूत सरकारच डळमळलं, तेव्हा रहिवाशांनी एकत्र येऊन नागरिकांची समिती काढली आणि पाडापाडी रोखली. आज आपण ज्या गल्ल्यांतून कॉफीचा कप घेऊन फिरतो त्या त्या लोकांनी वाचवलेल्या आहेत.

मग 22 ते 24 जून 1990 या तीन दिवसांत इथल्या लोकांनी 'बुंटे रेपुब्लीक नॉयश्टाट', म्हणजे नॉयश्टाटचं रंगीबेरंगी प्रजासत्ताक, जाहीर केलं. स्वतःचं सरकार, स्वतःचं चलन, आणि जर्मन तिरंग्याच्या मधोमध मिकी माउस असलेला झेंडा. तारखा लक्षात घ्या. 1 जुलैला पूर्व जर्मनीत पश्चिमेचा मार्क येणार होता, 3 ऑक्टोबरला दोन देश एक होणार होते. आपला देश नकाशावरून पुसला जातोय आणि पुढे काय होणार हे कुणी विचारत नाही, अशा आठवड्यात या लोकांनी आपल्या गल्लीचा देश केला. मला ही गोष्ट जितक्या वेळा ऐकली तितक्या वेळा भरून आलं आहे.

'बोहेमियन' या शब्दाबद्दल जाता जाता: फ्रेंच लोकांना वाटायचं की भटके रोमा लोक बोहेमियातून आले, म्हणून मनमौजी जगणाऱ्या कलावंतांना ते नाव पडलं. खरा बोहेमिया, म्हणजे आजच्या चेकियाचा पश्चिम भाग, इथून ट्रेनने तासाभरात सुरू होतो, आणि वस्तीत एक ब्योमिशे श्ट्रासेही आहे. तिचा कलावंतांशी संबंध नाही, तो प्रांताचाच उल्लेख.

पाऊस पडला की गाणारं घर खरंच गातं का?

कुन्स्टहोफपासाजमधलं निळं घर. फोटो पाहूनच बहुतेक लोक इकडे येतात. अलाउनश्ट्रासे आणि गोर्लिट्झर श्ट्रासे यांना जोडणारे पाच चौक, म्हणजे इमारतींमधली अंगणं, आहेत, एकातून दुसऱ्यात जायचं. त्यातल्या 'मूलतत्त्वांच्या चौकात' निळ्या भिंतीवर पन्हळी, नळ्या आणि तुतारीसारख्या तोंडांची नरसाळी बसवली आहेत. त्यातून पाणी उड्या मारत खाली येतं.

सूर ऐकू येतील असं समजून जाऊ नका. रिपरिप पावसात जेमतेम टपटप ऐकू येते. मुसळधार सर आली तर मात्र वरपासून खालपर्यंत पाण्याचा वेगवेगळ्या जाडीचा आवाज होतो, पत्र्याच्या पडवीवर आणि पागोळ्यांखालच्या घंगाळात एकदम पाऊस पडावा तसा. ज्याचं लहानपण कोकणात गेलंय त्याला हा आवाज लगेच ओळखू येईल. जुलैतल्या एका वादळी संध्याकाळी मी तिथे अडकले होते. पंधरा-वीस अनोळखी माणसं कमानीखाली दाटीवाटीने उभी होती आणि कुणीही फोन काढला नाही.

समोरच्या पिवळ्या भिंतीवर वळवलेले धातूचे पत्रे आहेत, उन्हात त्यांच्या सावल्या सरकतात. प्राण्यांच्या चौकात भिंतीवर उंच जिराफ आणि उड्या मारणारी माकडं. बाकीचे तीन चौक प्रकाशाचा, कल्पित प्राण्यांचा आणि रूपांतरांचा. दुकानं बंद झाली तरी चौक बघता येतात. सकाळी नऊच्या सुमारास जा. दुपारी बाराला तिथे नुसती रांग असते.

इतर घरांच्या चौकांत, बोळांत शिरलं तर चालतं का?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो. नॉयश्टाटची खरी मजा रस्त्यावर नाही, आत आहे. रस्त्याला लागून एक इमारत, मधे चौक, मागे दुसरी इमारत, कधी तिसरी. पुण्यातल्या वाड्यात राहिलेल्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. मागच्या चौकात सुताराचं वर्कशॉप, सायकल दुरुस्ती, एखादं छोटं नाट्यगृह. लुईझेनश्ट्रासेवरचं नोर्डबाड हे 19व्या शतकाच्या अखेरचं स्नानगृह, आता पोहण्याचा तलाव, तेही असंच मागच्या चौकात लपलेलं आहे. (तिथे सौना, म्हणजे घाम काढायची तापलेली खोलीही आहे. जर्मन सौनात कपडे घालून बसत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं.)

नियम सोपा आहे. कमानीवर दुकानाची, कॅफेची, नाटकाची पाटी असेल तर खुशाल जा. फक्त बेलच्या बटणांवर आडनावं असतील आणि दार चुकून उघडं राहिलं असेल, तर ते कुणाचं तरी अंगण आहे. आमच्या चौकात एकदा एक कुटुंब येऊन वाळत घातलेल्या कपड्यांसमोर फोटो काढत होतं. कपडे माझ्या शेजारच्या आजींचे होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोरी आत घेतली.

जगातलं सर्वांत सुंदर दुधाचं दुकान बघण्यासारखं आहे का?

आहे, पण दहा मिनिटं पुरतात. बाउट्झनर श्ट्रासे 79 वरचं 'फुंड्स मोलकेराय'. 1880च्या सुमारास पाउल फुंड यांनी गायी घेऊन हा व्यवसाय सुरू केला, कारण तेव्हा शहरात येणारं दूध अस्वच्छ असायचं आणि लोकांना ताजं दूध डोळ्यांदेखत हवं होतं. भिंती, छत, काउंटर, सगळं फिलेरॉय आणि बॉख कंपनीच्या हाताने रंगवलेल्या टाइलनी मढवलेलं आहे. 1998 मध्ये गिनेस बुकात नोंद झाली. आत फोटो काढू देत नाहीत, आणि पर्यटकांची बस आली की उभं राहायला जागा नसते. आत जा, एक पेला ताक घ्या, मान वर करून छत बघा. जर्मन ताक आपल्यासारखं पातळ नसतं, दाट असतं. मीठ-जिऱ्याची आठवण येईल.

शुद्ध शाकाहारी माणसाचं खाण्याचं काय?

जर्मनीतल्या फार थोड्या जागा शाकाहारी माणसाला इतक्या सोयीच्या आहेत. जवळजवळ प्रत्येक खाणावळीत 'व्हेगन' असं लिहिलेले पदार्थ असतात. अंडं चालत नसेल तर हाच शब्द शोधा, कारण इथल्या 'व्हेजिटारिश'मध्ये अंडं येतं. दूध-लोणी नको म्हणून नव्हे, अंडं टाळायचं म्हणून व्हेगन मागायचं. एवढं कळल्यावर माझ्या सासूबाईंचे तीन आठवडे सुखात गेले. 'ओने आय' म्हणजे अंड्याशिवाय, हेही पाठ करून ठेवा.

फलाफेल, हलूमी चीजची गुंडाळी, व्हिएतनामी टोफू-भात सहज मिळतं. पूर्व जर्मनीत व्हिएतनामहून कामगार म्हणून आलेल्या कुटुंबांमुळे ते जेवण या भागात चांगलं रुजलं आहे. स्थानिक चवीचं म्हणाल तर क्वार्ककोयल्शेन घ्या : उकडलेला बटाटा आणि चक्क्यासारखा क्वार्क मळून तळलेले गोड थापे, वर सफरचंदाचा गर. आयरशेके हा तीन थरांचा केक ड्रेस्डेनचा अभिमान. दोन्हींत अंडं असतं. सोल्यांका सूप आंबटतिखट दिसतं आणि मोह होतो, पण त्यात बहुधा मांस असतं.

रात्री जायचं की दिवसा?

दोन्ही वेळा, कारण त्या दोन वेगळ्या वस्त्या आहेत. सकाळी दहापर्यंत इथे पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलीत मुलांना बसवून पाळणाघरात सोडणारे आईबाप दिसतात, बेकरीसमोर रांग असते, रस्त्यावर झाडू फिरत असतो. संध्याकाळी सहानंतर खुर्च्या बाहेर येतात.

उन्हाळ्यात शुक्रवारी-शनिवारी रात्री लुईझेन, रोटेनबुर्गर आणि गोर्लिट्झर श्ट्रासे जिथे भेटतात त्या कोपऱ्यावर शेकडो तरुण फुटपाथवर, कधी थेट ट्रामच्या रुळांवर बसलेले असतात. याला 'शीफे एके', वाकडा कोपरा म्हणतात. आणखी एक हेटाळणीचं नाव आहे, ते मी वापरत नाही. तेरा नंबरची ट्राम घंटा वाजवत थांबते, लोक हळूहळू उठतात, ट्राम जाते, लोक पुन्हा बसतात. पाहायला गंमत वाटते, पण मी त्याच आवाजात सहा वर्षं झोपले आहे, म्हणून एक विनंती करते. रात्री दहानंतर जर्मनीत शांततेची वेळ असते. तुम्ही बसा, बोला, पण स्पीकर लावू नका आणि रुळांवर तर मुळीच बसू नका. त्या ट्राममध्ये रात्रपाळीहून परतणारी नर्स असते.

आपण दिसायला वेगळे. सुरक्षित वाटेल का? ड्रेस्डेनबद्दल वाईट ऐकलं आहे.

यावर गोलमाल उत्तर द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

स्थलांतरितांविरुद्धच्या पेगीडा मोर्चांची सुरुवात 2014च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरात झाली. त्याच्याही आधीची गोष्ट आल्बर्टप्लाट्झपाशी दगडावर कोरलेली आहे. जॉर्ज गोमोंदाई हा मोझांबिकहून पूर्व जर्मनीत कामगार म्हणून आलेला तरुण. 31 मार्च 1991 च्या पहाटे, ईस्टरच्या रविवारी, तो ट्रामने घरी जात असताना नवनाझी टोळक्याने त्याच्यावर हल्ला केला. चालत्या ट्राममधून तो खाली पडला आणि 6 एप्रिलला गेला. वय 28. आज त्या जागेचं नाव जॉर्ज-गोमोंदाई-प्लाट्झ आहे. हाउप्टश्ट्रासे सुरू होते तिथेच, रोज हजारो लोक त्यावरून ट्राम बदलायला पळतात. तिथे दोन मिनिटं थांबा.

बाहेरच्या नॉयश्टाटमध्ये मला स्वतःला कधी भीती वाटली नाही. शहरातला हा सर्वांत मोकळा भाग, खिडक्यांत वंशवादाविरुद्धचे फलक, दुकानं चालवणारे निम्मे लोक बाहेरून आलेले. रात्री उशिरा दारू पिऊन झालेली भांडणं आणि खिसेकापू, ही इथली खरी कटकट. रात्री एकटं असताना अंधाऱ्या अलाउनपार्कमधून आडवी वाट काढू नका, दिव्याच्या रस्त्याने जा. ट्राममध्ये कुणी काही बोललं तर चालकाजवळ जाऊन उभं राहा. पोलिसांसाठी 110, अँब्युलन्ससाठी 112.

आईबाबांना किंवा लहान मुलांना घेऊन जावं का?

नक्की. फक्त सकाळी. पादत्राणं जाड तळव्यांची हवीत, बऱ्याच रस्त्यांवर आणि चौकांत दगडी गोटे आहेत आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचाही. आल्बर्टप्लाट्झवर 'शांत पाणी' आणि 'खवळलेल्या लाटा' अशी दोन जुनी कारंजी समोरासमोर आहेत, बाबांना बाक मिळेल. मुलांना तिथल्या भिंतीवर बसलेला मुलगा दाखवा. मुलांसाठी लिहिणारे एरिश केस्टनर 1899 मध्ये इथून जवळच क्योनिग्सब्रुकर श्ट्रासे 66 मध्ये जन्मले. आई घरात केशकर्तनाचं काम करायची, मामा घोड्यांचे श्रीमंत व्यापारी. त्या मामांचा बंगला आता केस्टनर यांचं संग्रहालय आहे, आणि भिंतीवरचा मुलगा म्हणजे लहानपणचे केस्टनर.

सोनेरी घोडेस्वार कोण? त्याचा आपल्याशी काही संबंध?

विचाराल असं वाटलं नव्हतं, पण आहे. तो ऑगस्ट द स्ट्राँग, सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा, पुतळा 1736चा. याच राजासाठी योहान मेल्शिओर दिंग्लिंगर या सोनाराने 1701 ते 1708 या काळात 'औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्ली दरबार' घडवला. सोन्याचे, मिनाकारीचे शंभराहून जास्त बोटभर पुतळे, हत्ती, घोडे, नजराणे, हजारो हिरे. सोनार कधी हिंदुस्थानात आला नव्हता, प्रवाशांची वर्णनं आणि चित्रं यांवरून त्याने हे सगळं केलं.

आता सालं बघा. ड्रेस्डेनमध्ये तो दरबार सजत होता तेव्हा खरा औरंगजेब दिल्लीत नव्हताच. तो सह्याद्रीत सिंहगड, तोरणा, राजगडाला वेढे घालत होता आणि ताराबाईंच्या फौजा त्याला दमवत होत्या. 1707 मध्ये अहमदनगरजवळ (आजचं अहिल्यानगर) तो मेला, आणि हा दरबार पूर्ण झाला त्यानंतर वर्षाने. पूल ओलांडून राजवाड्यातल्या नव्या ग्रीन व्हॉल्टमध्ये, म्हणजे राजाच्या खजिन्याच्या संग्रहालयात, तो ठेवलेला आहे. मराठी माणसाने एका काचेसमोर अर्धा तास घालवावा अशी जागा ड्रेस्डेनमध्ये हीच.

रविवारी काय उघडं असतं?

खाणं-पिणं, बागा, सिनेमा. कपड्यांची, पुस्तकांची, किराण्याची दुकानं बंद. स्टेशनातली काही दुकानं सुरू असतात. क्योनिग्सब्रुकर श्ट्रासेवरचं शाउबुर्ग हे 1927चं थिएटर आहे. तिथे मूळ भाषेतले चित्रपटही लागतात, 'ओएमयू' लिहिलेलं असेल तर संवाद मूळ भाषेत आणि खाली जर्मन अक्षरं. सोबत थोडी नाणी आणि नोटा असू द्या, लहान जागी कार्ड चालेलच असं नाही.

बिअर हातात घेऊन रस्त्यावर फिरतात, ते चालतं? आणि बाटली टाकायची कुठे?

चालतं, त्याला 'वेगबिअर' म्हणजे वाटेवरची बिअर असा शब्दच आहे. बाटलीवर अनामत असते. बिअरच्या बहुतेक काचेच्या बाटल्यांना 8 सेंट, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांना आणि डब्यांना 25 सेंट. दुकानात परत करायची नसेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याशेजारी उभी ठेवा. रात्री बाटल्या गोळा करून त्या पैशांवर भागवणारी म्हातारी माणसं इथे आहेत. त्यांना डब्यात हात घालावा लागू नये. 

गांजाचा वास येईल. 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना मर्यादित प्रमाणात बाळगायला परवानगी आहे, पण दुकानातून विक्री होत नाही आणि रस्त्यावर विकत घ्यायला बंदीच आहे. विद्यार्थी व्हिसावर असाल तर लांबच राहा.

भिंतीवरची चित्रं, माणसं, यांचे फोटो?

भिंतींचे हवे तेवढे. माणसांना विचारून, मुलांचे नाहीच. 'दार्फ इश?' (काढू का?) एवढं म्हणून कॅमेरा दाखवला तर बहुतेक लोक हसून मान हलवतात. पुल्सनिट्झर श्ट्रासेवर उंच भिंतीमागे 1751 मध्ये सुरू झालेलं जुनं ज्यू दफनस्थान आहे. ते कुलूपबंद असतं, फाटकातून दिसतं. तिथे सेल्फी काढू नये.

भाषेची अडचण येते का?

तरुण लोक इंग्रजी बोलतात. एक शब्द मात्र शिकून जा : 'नू'. सॅक्सनीत त्याचा अर्थ 'हो' असा होतो. माझ्या पहिल्या आठवड्यात बेकरीतल्या काकूंना मी विचारलं, यात अंडं नाही ना? त्या म्हणाल्या, नू. मी 'नो' समजून पाव परत ठेवला, मग पुन्हा उचलला, आणि आम्ही दोघी गोंधळात. शेवटी त्यांनी मान हलवून दाखवली. पुढे सहा वर्षं त्या माझ्यासाठी बिनअंड्याचे बाजूला काढून ठेवत.

आता हा भाग पूर्वीसारखा राहिला आहे का?

नाही. 1990च्या दशकात सरकारी मदतीने इमारती दुरुस्त झाल्या. छपरं गळायची थांबली, न्हाणीघरं आत आली, आणि भाडी वाढली. ज्यांनी वस्ती वाचवली त्यांतल्या अनेकांना इथे राहणं परवडेना. काही पिशेन, फ्रीडरिशश्टाट भागांत गेले. माझंही घर मालक बदलल्यावर सुटलं. तरी जूनमध्ये प्रजासत्ताकाचा उत्सव अजून भरतो. गल्लीगल्लीत गाणी, लोक आपल्या दारात टेबल मांडून केक विकतात. गर्दी सोसत असेल तरच त्या दिवसांत या, आणि मुक्काम नदीपलीकडे करा.

मागचं नॉयश्टाट कसं असेल याचा अंदाज हवा असेल तर रेल्वेच्या रुळांपलीकडे हेश्टफियर्टेलमध्ये जा. तिथे 1945 मध्ये जळालेल्या संत पाउली चर्चच्या उभ्या भिंतींच्या आत उन्हाळ्यात नाटकं होतात. गल्ल्या शांत, कॅफे कमी, मुलं रस्त्यावर खडूने चित्रं काढतात.

फक्त अर्धा दिवस आहे. कोणत्या क्रमाने फिरू?

दुपारी दोनला आल्बर्टप्लाट्झ. गोमोंदाईच्या दगडापाशी थांबून अलाउनश्ट्रासे. कुन्स्टहोफमधून गोर्लिट्झर श्ट्रासेवर बाहेर पडा, डावीकडे अलाउनपार्कपर्यंत. ही पूर्वी सैनिकांच्या कवायतीची जागा, आता हिरवळीवर सगळी वस्ती पसरलेली असते. तिथून मार्टिन-लूथर-प्लाट्झ, चर्चच्या पायऱ्यांवर बसायला छान. पुल्सनिट्झर श्ट्रासेने खाली उतरून दुधाचं दुकान. संध्याकाळी परत लुईझेनश्ट्रासेवर जेवण.

जेवण झाल्यावर तसेच दक्षिणेला चालत एल्बेकाठच्या कुरणात या. दहा मिनिटांची वाट. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. पलीकडे आल्टश्टाटचे घुमट काळे होत जातात आणि नदीवरून आगबोटीचा भोंगा ऐकू येतो. अंगावर एक जाकीट असू द्या, पाण्याकाठी गार वारा सुटतो.